वांदरेसले गाडी

ती. भिकननाना यांना भडगावहून रुपचंदचा नमस्कार.

साष्टांगच घातला असता, पण गुडघे एकदा खाली टेकले की वर उठवायला माणूस लागतं आणि ते माणूस सध्या तुमच्याकडे सोनगीरला आहे. तानुबाई वहिनींची शुगर, विहिरीची मोटर, कापूस, सगळं बरं असेल. आमचं विचारू नका. फोन करत नाही, कारण तो तुमची बहीण उचलते आणि माझा आवाज ओळखून ठेवून देते.

नाना, जन्म त्या डोंगरगाडीत गेला. लोक हौसेनं दरी बघायला यायचे आणि मी गार्ड, शेवटच्या डब्यात उलटा उभा. मला दिसली ती मागे पडलेली दरी. ब्रेक आवळून आवळून खांदा कामातून गेला, आणि वर प्रत्येक प्रवासी मलाच विचारणार की गाडी इतकी हळू का (जशी मीच ढकलतोय). सुनंदाला लग्नापासून म्हणत आलो, एकदा बसवतो. शेवटी निवृत्तीच्या आठवड्यात बसवली. तिथंच नशीब फुटलं.

मधल्या थांब्यावर पब्लिक फोटो काढायला उतरलं. ड्रायव्हर नवा, साताऱ्याकडचा. त्यानं वॉकीटॉकीवर विचारलं, निघू का. एरवी मी ड्युटीवर शुद्धच बोलायचो, पण घरचं माणूस बरोबर म्हटल्यावर जीभ घरी गेली. म्हणालो, "बठ्ठा खाले शेतस." आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, सगळे खाली आहेत. त्या शहाण्यानं ऐकलं 'बैठा', म्हणजे सगळे बसले, आणि सोडली गाडी! चढावर एकदा निघालेली गाडी मध्ये थांबवत नाहीत (चाकं घसरतात). त्यामुळे मी दारात, बगलेतला हिरवा झेंडा वाऱ्यानं उघडलेला, आणि सुनंदा नव्या साडीत रुळाशी उभी. तिला वाटलं, मीच झेंडा दाखवला. डबे म्हणाल तर रिकामे नव्हते. लोकांच्या पिशव्यांपाशी, खिडकीला, वांदरं बसली होती. वरच्या स्टेशनात ती चिवड्याची पाकिटं घेऊन रीतसर उतरली.

माणसं मागून चालत आली. सगळ्यात शेवटी सुनंदा. अख्ख्या स्टेशनासमोर म्हणाली, "वांदरेसले गाडी, माले डोंगर." पिशवी उचलली ती थेट सोनगीर.

निरोप समारंभात साहेबांनी माझ्या सेवेतलं एवढंच सांगितलं. भडगावात आता मला 'वांदरेसना गार्ड' म्हणतात. परवा भरितासाठी वांगं भाजायला ठेवलं, तर घरच भाजता भाजता राहिलं. रागवायलाही कुणी नव्हतं. फार वाईट दिवस आलेत, नाना.

तुमचा,
रुपचंद

ता. क. तिला आणून सोडा. एस.टी.नं आणा, रेल्वेचं नाव काढू नका.

आणखी एक. गाडीची वेळ तेव्हा झाली होती. शिट्टी मारून सगळ्यांना बसवायचं, हेच माझं काम. पण सुनंदा कठडा धरून दरी बघत होती आणि एकटीच हसत होती. आमच्या घरात आल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं, बघू दे अजून जरा. म्हणून शिट्टी मारली नाही, म्हणून ड्रायव्हरला तसं सांगितलं. हे तिला सांगू नका, मला लाज वाटते. फक्त हे पत्र वाचून झालं की घरात कुठंतरी विसरा.