वगळलेला नमुना

प्रिय धाकटे,

तुझा शोधनिबंध मिळाला. पहिल्या पानावर तू हाताने लिहिलंयस, "ताई, आपलं नाव झालं!" अभिनंदन. कळवायला उशीर झाला, कारण हल्ली चार पानं वाचायला मला दोन दिवस लागतात. पण वाचला, तळटिपांसकट. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, तळटिपा आधी वाचायची खोड जात नाही. ती तुला माहीत असून तू निबंध पाठवलास, याचंच नवल वाटतं. की विसरलीस?

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तू माझं रक्त न्यायला बर्फाचा डबा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आलीस. सतत थकलेल्या माणसांच्या पेशी ऊर्जा कमी तयार करतात का, हे तुम्हाला तपासायचं होतं, आणि तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी होती. पन्नाशी उलटलेली एक बाई कमी पडत होती. मी म्हटलं, अगं, मला जिन्यात मध्येच बसावं लागतं, मी कसली धडधाकट! तू हसलीस. "ताई, या वयात सगळ्याच बसतात. उगाच बाऊ करू नकोस." फॉर्म तूच भरलास, मी सही ठोकली. दुसऱ्याच्या पुस्तकातला स्वल्पविरामही न सोडणारी मी, तो कागद वाचलाच नाही. आई गेल्यावर तुझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर मी सही केली, ती मात्र वाचून करत होते.

त्या दिवशी तू किती छान समजावलं होतंस! पेशीत बारीक बारीक वीजघरं असतात, त्यांच्यावर ताण टाकून बघायचं, निरोगी पेशी शिलकीतली ताकद काढते, थकलेली काढू शकत नाही. तुझे भावजी चहा गार होईपर्यंत ऐकत राहिले. मला वाटलं होतं, हिला शिकवल्याचं चीज झालं.

पुढचं तुला फोनवर सांगतच होते. दुपारी तीननंतर ओळी एकमेकींत मिसळायच्या. एका पाठ्यपुस्तकात अख्खा परिच्छेद दोनदा छापला गेला आणि व्यवस्थापक सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, डोळे उघडे ठेवून झोपता की काय?" घरी तुझे भावजी पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे दोन सोफे आहेत, त्यातला एक बोलतो." हसत म्हणायचे, पण म्हणायचे. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "काही झालेलं नाही गं तुला. सकाळी चालायला जा, अंग हलव." गेले. तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसले ती उठवेना. फुलवाल्या बाईने रिक्षात घातलं. त्यानंतर तीन आठवडे अंथरुणात. तुमच्याच निबंधाच्या नवव्या पानावर आहे, अशा रुग्णाला जबरदस्तीने चालवलं की तो आणखी खालावतो.

आता चौथी तळटीप. "निरोगी गटातील एक स्त्री, वय ५३, संशोधकाची नातेवाईक, पेशींची ऊर्जा बहुतेक रुग्णांपेक्षाही कमी आढळल्याने नमुना वगळला." शेजारी चाचणीची तारीख आहे. रक्त नेल्यानंतर अकराव्या दिवशीची. चालायला जा, हे तू त्यानंतर दोन महिन्यांनी सांगितलंस.

एका चाचणीने आजार ठरत नाही, एवढं मला कळतं. तू बोलली असतीस तर फॉर्मवर "थकवा नाही" (निरोगी गटाची ती अटच होती, तुमच्या निबंधात आहे) कोणी लिहिलं तेही निघालं असतं, आणि तुझी नोकरी नवी होती, हेही कळतं. कळलं म्हणून राग उतरत नाही. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तुला शिव्या द्यायला बसले की डोळ्यांसमोर तुझ्या शाळेतल्या दोन वेण्या येतात, आणि मग स्वतःचाच संताप येतो.

लिहायचं कारण असं. आठ महिने मी रजेवर आहे आणि छापखान्याने मला कामचुकार ठरवून काढायचं मनावर घेतलंय. गुरुवारी अकरा वाजता डॉक्टरांच्या समितीसमोर जायचंय. त्यांच्या कागदावर आत्ता लिहिलंय, "तक्रारीला आधार नाही." तो आधार तुझ्या कपाटात आहे. मला माझ्या नमुन्याचे आकडे प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह हवेत आणि फॉर्म कोणी भरला, हे तुझ्या सहीने हवं. तुमच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र टेबलावर तयार आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत तू आली नाहीस, तर तुझे भावजी ते पोचवतील. कागद कोणाहाती पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. तुला माहीत होतं, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मीच आले असते, पण तेवढी ताकद माझ्यात नाही. हे तुला माझ्याआधी तीन वर्षं ठाऊक आहे.

तुझीच,
ताई