विहिणीच्या नावावर

लानेली, वेल्स
३० ऑगस्ट

प्रिय लाउरी,

काल मी फोन मध्येच आपटला म्हणून तू रुसली असशील. खुशाल रूस. आणखी ऐकत बसले असते तर माझ्या तोंडून काय काय गेलं असतं, देव जाणे. कागदावर निदान खोडता तरी येतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली होतीस, आठवतं? पाळणाघराची फी ऐकून तुझे डोळे पांढरे झाले होते. "आई, सोड ना आता नोकरी, साठी तर झालीच तुझी." सोडली मी. शाळेच्या भटारखान्यातली नोकरी, तुम्हा लोकांच्या लेखी बटाटे सोलायची. पण मला ती आवडायची. पेन्शन सुरू व्हायला सात वर्षं होती आणि पूर्ण पेन्शनला लागतात तेवढी नोकरीची वर्षं माझी भरत नव्हती. मग ती वर्षं मी विकत घेऊ लागले, दरवर्षी साठवणीतले पैसे सरकारकडे भरून. स्वेच्छेचा भरणा म्हणतात त्याला. छताचं काम त्यापायी राहिलं, न्हाणीघरात अजून बादली ठेवते. तू एकदा पैसे भरताना पाहिलंस आणि म्हणालीस, "शहाणी गं माझी आई!" मीही खुळी, खूश झाले.

आणि तुझी लेक एवा? पावाच्या कडा कापल्याशिवाय घास घेत नाही, झोपताना माझ्या कानाची पाळी धरते, कांजिण्या आल्या तेव्हा आठवडाभर माझ्याच अंगावर झोपली. आठवड्याचे चार दिवस पोर माझ्याकडे. गुरुवारी यायच्या विहीणबाई. कपड्यांचं दुकान वेळेआधीच विकून मोकळ्या झालेल्या तुझ्या सासूबाई रोझलिंड! एवाला नाचाच्या क्लासला न्यायच्या, गुलाबी झग्यातले फोटो काढायच्या आणि चहाच्या वेळेला आणून सोडायच्या, तेही माझ्याच दारात. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या त्या गुरुवारी बाईंचं नेमकं डोकं दुखत होतं.

काल चॅपलमध्ये, प्रार्थनेनंतर चहाचे कप विसळताना, माझी मैत्रीण नेस्टा मला म्हणाली, "अगं वेडे, पैसे कसले भरतेस? नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला ती वर्षं सरकार फुकट देतं. लेकीनं सही केली की झालं." मी पळतच घरी आले. वाटलं, तुलाही हे ठाऊक नसणार, तुलाही आनंद होईल. तर तू काय म्हणालीस? "अगं, ती सही मी रोझलिंडना दिली. एका वेळी एकाच आजीला मिळतं ते. तू तर पैसे भरतच होतीस, म्हटलं फुकटचं वाया कशाला घालवायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, लाउरी. वर म्हणतेस, त्यांनी मागितलं, तू कधी काही मागत नाहीस! आईनं मागायचं असतं होय? कसं मागायचं तेही शिकव एकदा. पैशाचं वाईट वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. वाटतं, चांगलंच वाटतं. पण सही कशाखाली केलीस ते वाचलंस तरी का? माझं मूल या बाईनं सांभाळलं, असं लिहून दिलंस तू सरकारला. कानामागून आली अन् तिखट झाली, आणि तिला तिखट केली माझ्याच लेकीनं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सोमवारी एवाची शाळा सुरू होते, माझीच जुनी शाळा; त्या दिवसापासून मी पुन्हा तिथल्या भटारखान्यात कामावर जाणार आहे. काल तुझा फोन आपटला आणि तिथल्या मुख्य बाईंना लावला. माझी उरलेली वर्षं माझ्या पगारातून भरतील. एवाला सकाळी तू शाळेत सोड, दुपारी आणायला विहीणबाईंना सांग; पोर कागदोपत्री त्यांच्याच नावावर आहे. एवाला मात्र आधी काही बोलू नकोस. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन येईल तेव्हा बघू दे तिला, पलीकडे कोण उभं आहे ते. पावाच्या कडा मी कापून ठेवीन आणि कस्टर्ड दोन डाव वाढीन. त्याला तुझी सही लागत नाही.

कुठल्याच कागदावर नसलेली, तरी तुझीच,
आई