गाळलेली ओळ

पिंपरी पेंढार,
रविवार, १ ऑगस्ट १९९९

वृषालीताई,

सुदर्शनचा नमस्कार. अंकितदाजींनाही सांग. दाजी हा शब्द आज पहिल्यांदाच लिहितोय.

इकडं बरं चाललंय. टोमॅटो लागलाय, दिवसाआड तोडा असतो, हात हिरवे-काळे होतात ते साबणानं जात नाहीत. आईचे गुडघे दुखतात, तरी वावरात जायचं थांबत नाही. माझ्या दोन कथा छापून आल्या. एकीत पूर्णविराम एकही नाही. आई म्हणाली, "मग दम कुठं खायचा?"

पत्राचं कारण एक नाटक आहे. म्हणजे कारण ते नाही, पण तिथनं सुरुवात करतो. तू कॉलेजात असताना मला वाचायला लावलेलं ते जुनं नाटक, दोन वैरी घराण्यांतल्या पोरापोरीचं, शेवटी दोघं मरतात ते. आळेफाट्याला गेणभाऊंच्या गॅरेजात आम्ही चौघं-पाच जण रविवारी जमतो. मी मोठ्यानं वाचतो, बाकीचे भांडतात.

गेणभाऊ पान्हा पुसत म्हणाले, "राव, वैर व्हतं म्हणून त्यांचं जमलं. घरच्यांनीच सुपारी फोडली असती तर पोरगं पंधरा दिसांत कटाळलं असतं." मी मोठेपणानं बोललो, की प्रेम आणि द्वेष एकाच कापडाच्या दोन बाजू. गेणभाऊ म्हणाले, "कापड शिवून आण, मग बोल."

त्या दिवशी बाकावर तुझे सासरे बसले होते. बन्सीलालशेठ. त्यांच्या टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. त्यांना बघून मी वाचन आवरतं घेणार होतो, पण ते म्हणाले, "वाचा, मी ऐकतोय." सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मेल्यावर दोन्ही बाप रडले. जित्ती होती तवा एकानं तरी दार उघडलं का?" चहा पिऊन झाला, ग्लास खाली ठेवला. "आम्ही पण नाय उघडलं," एवढं बोलून टेम्पोकडं गेले.

मला ते घरापर्यंत पुरलं. संध्याकाळी आई शेंगा फोडत बसली होती, तिलाही तेच नाटक वाचून दाखवलं. पोरगी जिवंत असल्याची चिठ्ठी पोराकडं पोचत नाही, तिथं मधेच म्हणाली, "थांब. त्या माणसानं चिठ्ठी दिलीच न्हाई?"

"वाटेत अडकला गं तो."

"मग तुमी परेम आन् वैर काय धरून बसलाय? चिठ्ठी पोचली असती तर दोघं जगली असती." शेंगा तशाच हातात. "त्या माणसाला नंतर झोप कशी लागली असंल रं?"

ताई, आता लिहितो.

तू दाजींबरोबर निघून गेलीस, त्यानंतर वर्षानं तुझं एक आंतरदेशीय आलं. आईला वाचता येत नाही, पत्र मीच वाचणार, हे तुला माहीत होतं. मी वाचलं. नाशकात दोन खोल्या, सकाळीच येणारं पाणी, दाजींची दुकानातली नोकरी. पण खाली तू लिहिलं होतंस, "आई, पंचमीला मला न्यायला सुदर्शनला मुराळी पाठव. बोलावल्याशिवाय मी येणार नाही." ती ओळ मी गाळली. तिच्या जागी माझ्या मनचं वाचलं, "मी सुखात आहे, माझी वाट बघू नका." आईनं लगेच विश्वास ठेवला. माझं सगळ्यात जमलेलं लिखाण तेवढंच.

गावाला तुमच्या जातीबाहेरच्या लग्नाचा राग होता. मी त्याच्यामागं लपलो. मला राग वेगळाच होता. माझी प्रत्येक गोष्ट आधी तू वाचायचीस, आणि तुझी एवढी मोठी गोष्ट तू मला सांगितली नाहीस. याला द्वेष म्हणायचं का, मला अजून कळत नाही.

त्यानंतरच्या दोन्ही पंचम्यांच्या आधी बयाबाई कासारीण आली तेव्हा आईनं तुझ्या मापाच्या बांगड्या घेऊन ठेवल्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

आईला नाटक वाचून दाखवलं त्या संध्याकाळीच मी ट्रंकेतनं तुझं पत्र काढून सगळं वाचलं. आई म्हणाली, "कुठं लिहिलंय? बोट ठेव." मी ठेवलं. माझं बोट बाजूला करून तिनं तिथं स्वतःचं ठेवलं. बराच वेळ. मग उठून मला जेवायला वाढलं. सकाळी म्हणाली, "माझं काय लिवू नको. जा, आन् घिऊन ये."

शनिवारी, १४ तारखेला आळेफाट्यावरनं सकाळच्या नाशिक गाडीनं येतोय. तू दार लावलंस तर पायरीवर बसेन, आणि तू जे बोलशील ते आईला तसंच्या तसं सांगेन. बांगड्या बरोबर आहेत. दाजींनीही पंचमीला यायचंय, हे आईनं वेगळं सांगितलंय.

हे पत्र चिकटवायच्या आधी तिला वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही.

दोन वर्षं उशिरा निघालेला
तुझा मुराळी,
सुदर्शन