शेळीचे पाच पाय

आई, तुझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मला आठव्या वर्षापासून ठरवता आलेलं नाही, आणि याला कारण तुझी ती शेळी. कोल्हारच्या दवाखान्यात तू नर्स होतीस. दुष्काळाचं वर्ष, आडांना तळातलं गढूळ पाणी, म्हणून कॉलऱ्याची लस टोचून घ्यायला दारापर्यंत रांग. शाळा सुटली की मी तिथंच बाकावर बसून असायची. स्टोव्हवर सुया उकळतायत, स्पिरिटचा वास सुटलाय, आणि एक पोरगं आईचा पदर धरून बोंबलतंय. तू त्याच्या दंडावर कापूस फिरवत सहज विचारतेस, "का रं, तुमच्या शेळीला पाच पाय हायेत ना?" पोरगं रडायचं थांबतं. एवढी मोठी बाई आणि हिला इतकंही कळत नाही! "चार असत्यात वो बाई, चार!" ते तावातावानं बोटं नाचवतं, तोवर सुई आत जाऊन बाहेरही आलेली असते. "दुसऱ्याची चूक सुधारताना मानूस आपलं दुखनं इसरतं," असं तू मला भाकरी थापता थापता सांगितलंस. तेच सांगायला नको होतंस.

तेव्हापासून घरात तू काही चुकीचं बोललीस की मी आधी दंड झाकायची. एकदा वेणी घालताना म्हणालीस, "उद्या रविवार ना गं?" आणि वार होता मंगळवार. मी टुणकन लांब झाले. "आधी हात दाखव!" तू दोन्ही हात पुढं केलेस, एकात फणी, दुसऱ्यात रिबीन. तू पोट धरून हसलीस, मला मात्र हसू आलं नाही. माझ्या चित्राचं कौतुक केलंस तरी वाटायचं, आता ही कुठं टोचणार? मग टाचेत बाभळीचा काटा मोडला. तू सुई तापवून घेतलीस, माझी टाच मांडीवर ओढलीस आणि म्हणालीस, "शेळीला गं..." "मला म्हाईत हाय," मी म्हटलं, आणि ओठ घट्ट मिटून सुईकडंच बघत राहिले. जीव जाईल इतकं दुखलं. "बघ," तू चिडून म्हणालीस, "आईपुढं लई शानं व्हायचं नसतं."

शेवटच्या वर्षी तू नगरला माझ्याकडं होतीस. एका सकाळी पोहे खाता खाता विचारलंस, "तुझे बाबा आले का गं ड्यूटीवरनं?" बाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. खोटं कशाला बोलू, मला आधी संशयच आला. ही काहीतरी लपवतेय. तोंडातून निघूनच गेलं, "आधी हात दाखव." तू बशी खाली ठेवून दोन्ही हात मुकाट्यानं पुढं केलेस. रिकामे. "काय हरवलंय का तुझं?" असं घाबरून विचारलंस. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

पुढच्याच आठवड्यात तुझं रक्त तपासायला नेलं. तिथल्या मुलीला तुझी शीर सापडेना. दोनदा टोचून झालं तेव्हा तू लहान पोरासारखी हुंदके द्यायला लागलीस. मला दुसरं काही सुचलंच नाही. "आई, शेळीला पाच पाय असत्यात ना?" तू थांबलीस. माझ्याकडं नीट बघितलंस. "व्हय," म्हणालीस, "पाचच." "चार गं आई, चार!" मी जवळजवळ ओरडलेच, चार बोटं तुझ्यापुढं धरली. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "झालं, मावशी." सुई कधी आत गेली, कधी बाहेर आली, मला कळलंच नाही.

रिक्षात तू बाहेर बघत होतीस आणि ओठांच्या कडेला जरासं हसू होतं, निदान मला तसं वाटलं. तेव्हा तुला काहीच कळत नव्हतं, असं डॉक्टर म्हणतात, घरचे म्हणतात. मला पटत नाही. तू मुद्दाम चुकलीस, माझ्यासाठी चुकलीस, असा मला दाट संशय आहे. एक कबूल करते. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी मी ते पाठवलं नसतं. तू खरं काय ते सांगून टाकशील, याची मला भीती वाटते.