एकाने उतरायचं, एकीने भरायचं

घर, ३ सप्टेंबर

चि. बेबी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस आणि मी उगाच खोकतो, म्हणून यापुढे पत्रंच लिहू. बेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेला बेबी म्हणतो म्हणून रागावू नकोस. तुझं शाळेतलं नाव माझ्या तोंडात बसत नाही.

माझ्या तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, लिव्हरचं मापही जुळलं. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की माझ्या लिव्हरचा साधारण अर्धा तुकडा काढून तुला लावायचा आणि मग दोन्ही तुकडे आपापल्या जागी वाढतात. मी सुतार माणूस. कापलेली फळी पुन्हा वाढल्याचं जन्मात पाहिलं नाही. देवाची सुतारकी वेगळीच म्हणायची.

अडचण एकच आहे. माझ्या लिव्हरवर चरबी चढली आहे आणि असा तुकडा ते लावत नाहीत. काही महिन्यांत, सावकाश, नीट जेवून आणि रोज चालून वजन उतरवायला सांगितलंय. तिकडे तुझ्या अंगावर मांस आल्याशिवाय तुला टेबलावर घेणार नाहीत, आणि फार थांबलं तर तुझं लिव्हर थांबणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुझी वहिनी म्हणाली, भाऊ फुगलेला आणि बहीण वाळलेली, जेवण वाटून खाल्लं असतं तर ही पाळी आली नसती.

तर ठरलं. मी उतरतो, तू भर. सगळं नीट होणार याबद्दल मला शंका नाही.

जास्त काय लिहू? माझा लोभ आहेच, तुझी भूकही असू दे.
दादा


रुग्णालय, खिडकीजवळची खाट
११ सप्टेंबर

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. वॉर्डात सगळ्यांना पाकीट दाखवून झालं. हल्ली पत्र येणं म्हणजे मिरवण्याचीच गोष्ट.

इथे लिव्हर, स्वादुपिंड आणि आतड्याच्या रोग्यांच्या जेवणावर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टर आहेत. आम्ही त्यांना आहारताई म्हणतो. लिव्हरच्या रोग्याला डाळ नको, अंडं नको, दूध नको, असं ज्याने त्याने सांगितल्यामुळे मी वर्षभर मऊ भातावर राहिले, हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. रोगाने नेलं नाही तेवढं मांस या पथ्याने नेलं, म्हणाल्या.

धडधाकट माणसाचं लिव्हर रात्रीपुरती शिदोरी साठवून ठेवतं. माझ्या लिव्हरचं कोठारच मोडलंय. त्यामुळे झोपेत शरीर आपलेच स्नायू खात बसतं. म्हणून दिवसभर थोडंथोडं डाळ, अंडी, दही आणि झोपताना एक पेला घट्ट दूध द्यायचं आणि त्याने ताकद टिकते का ते पाहायचं, असा त्यांचा अभ्यास आहे. निम्म्या रोग्यांना हे, निम्म्यांना वॉर्डातलं नेहमीचं जेवण. चिठ्ठ्या टाकल्या. मला पेला लागला, शेजारच्या खाटेवरच्या आजींना नेहमीचं जेवण. आजींनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

दर आठवड्याला एक यंत्र मुठीत दाबायचं असतं. जेवढी ताकद तेवढा काटा पुढे जातो. मी सगळा जीव काढून दाबलं, तर आहारताईंनी विचारलं, की सुरुवात कधी करताय?

दादा, तू घाई करू नकोस. अजिबात करू नकोस.

तुझ्या रागालोभाची सवय झालेली,
बेबी


घर, ४ ऑक्टोबर

चि. बेबी हिस,
अनेक आशीर्वाद.

आनंदाची बातमी अशी, की मला मान आहे. आरशात दिसू लागली. पट्ट्याला नवी भोकं पाडली.

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. डॉक्टरांचं सावकाश मला मानवणारं नाही. तुझं पोट पाण्याने फुगतं, डोळे पिवळे होतात, आणि मी चालत बसू का? तुझ्या ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही असं देवापुढे बोलून बसलोय. थोडी फळं घेतो, अधूनमधून तीही नाही. वहिनी डबा देते तो कारखान्यातला कुत्रा खातो. त्याची तब्येत पाहण्यासारखी झाली आहे.

काल रंधा हातातून निसटला. लाकूड ओलं असेल.

वहिनीला कळू देऊ नकोस. तू रोज पेला पितेस ना? मला त्यावरच जोर येतो.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
दादा


घर, २० ऑक्टोबर

चि. बेबीस आशीर्वाद, आणि अहो, तुम्हांला नमस्कार.

एकच पत्र दोघांना लिहिते आहे. एक प्रत टपालाने जाईल, दुसरी यांच्या उशीवर ठेवीन. तोंडी बोलायला गेले तर माझा आवाज चढेल आणि तुम्ही दोघं नेहमीसारखे एक व्हाल.

बेबी, तुझे दादा कारखान्यात चक्कर येऊन पडले. माझा डबा रोज कुत्रा खात होता, हे तेव्हा कळलं. मी धरूनच तपासणीला नेलं. वजन उतरलंय, पण चरबीपेक्षा अंगातली ताकद जास्त गेली आणि लिव्हरचे आकडे आधीपेक्षा बिघडले. डॉक्टर म्हणाले, आम्ही चरबी उतरवायला सांगितली होती, माणूस नाही. सध्या यांचा तुकडा ते घेणार नाहीत.

तिथून तुला भेटायला आले तर तू झोपली होतीस. शेजारच्या आजींनी माझा हात धरला. काय ती पकड! तुमच्या नणंदेचं देव भलं करो, म्हणाल्या, रोज झोपताना आपला दुधाचा पेला मला देते. आहारताई मागेच उभ्या होत्या. नेहमीच्या जेवणावर आजींचा काटा वर का जातोय आणि पेला लागलेल्या बेबीचा खाली का, हे कोडं त्यांना कधीपासून पडलं होतं म्हणे. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

म्हणजे भावाने कुत्रा पोसला आणि बहिणीने आजी. आणि मी इकडे चुलीपुढे कुणासाठी उभी होते? दोघांनी एकमेकांना उत्तर द्यायचं आहे. मला नको, मला जेवलेली ताटं दाखवा.

तुम्हां दोघांवर लोभ नसता तर बरं झालं असतं असं वाटणारी,
वहिनी


रुग्णालय, २४ ऑक्टोबर

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

आहारताई ओरडतील म्हणून मी डोळे मिटून पडून होते. त्या येऊन खाटेवर बसल्या. माझी आणि आजींची मोजमापं आता अभ्यासात धरता येणार नाहीत, तशी कारणासकट नोंद करावी लागेल, एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, असं का केलं.

त्यांना सांगितलं तेच तुला सांगते. मी भरले की तारीख येणार. तारीख आली की माझ्याआधी तुला त्या टेबलावर घेणार. धडधाकट माणूस, दोन पोरांचा बाप, आणि त्याचं पोट चिरायचं ते माझ्यासाठी. लहानपणापासून तू पुढे केलेली वस्तू मी घेत आले. तुला नको म्हणायला मला कधी जमलं नाही. काटा वर गेलाच नाही तर न बोलता सगळं टळेल, असं वाटलं.

त्यावर आहारताई म्हणाल्या, की तुम्ही वाळल्याने भाऊ वाचत नाही, फक्त तुम्ही मरता. नको म्हणायचा तुम्हांला हक्क आहे, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. पण म्हणायचं तर पोटभर जेवून, ठणठणीत आवाजात म्हणा.

आणि तू? माझ्या पेल्यावर तुला जोर येतो म्हणे, आणि स्वतः उपाशी! तुझं उपासाचं पत्र आलं तेव्हा उत्तर लिहायला घेतलं होतं, पण माझाच पेला आजींच्या हातात असताना तुला जेव म्हणून कुठल्या तोंडाने लिहू? मी वर्गात असते तर तुला बाकावर उभं केलं असतं. आज खरं सांग दादा. तुला भीती वाटते का?

रागावलेली, तरी तुझीच,
बेबी


घर, ३० ऑक्टोबर

चि. बेबी हिस,
अनेक आशीर्वाद.

वाटते. चांगलीच वाटते. डॉक्टरांना सांगितलं होतं, तुला सांगितलं नव्हतं. भीती वाटणारच, म्हणाले, न वाटणाऱ्यांची आम्हांला जास्त काळजी असते.

काल देवापुढे बराच वेळ बसलो. लक्षात आलं की तो उपास मी त्याला न विचारताच त्याच्या गळ्यात घातला होता. त्याने पानात अन्न वाढलं आणि मी ते परत करून वर तुझं आयुष्य मागत होतो. ही भक्ती नव्हे, घासाघीस झाली. उठलो आणि जेवलो. वहिनी समोर बसून घास मोजत होती. कुत्रा मात्र माझ्याकडे बघत नाही.

आता आहारताईंच्या बोलण्यावर माझा तोडगा ऐक. तू जेव, म्हणजे तुला नको म्हणायची ताकद येईल. मी डॉक्टर सांगतील तसं जेवतो आणि चालतो, म्हणजे मला घे म्हणायची ताकद येईल. मग समोरासमोर बसून भांडू. तोवर कुणी कुणासाठी उपाशी राहायचं नाही. हे मान्य असेल तर आज रात्रीचा पेला स्वतः पी.

भांडणाची वाट पाहणारा,
दादा


घर, ८ फेब्रुवारी

चि. बेबी हिस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांचा फोन येऊन गेला. तुलाही त्यांनी सांगितलं असेलच. माझी चरबी गेली, आकडे सुधारले, रंधा हातात घट्ट बसतो. हाती घेतलेली दारं-खिडक्या पुरी करून पिशवीही भरून ठेवली होती. आणि ते म्हणाले की ऑपरेशन नको. निदान आता नको. मधे सुरू केलेलं तुझं नवं औषध लागू पडलंय, पोटात पाणी पुन्हा झालं नाही, अंगावर मांस आलंय. लिव्हर जेवढं उरलंय तेवढं तुला सांभाळतंय. आता कापण्यापेक्षा थांबण्यात धोका कमी. तपासण्या चालू ठेवायच्या.

वहिनी रडली आणि हसली. मीही देवाला हात जोडले. मग कारखान्यात गेलो आणि काम न करता बसून राहिलो. तुला विचित्र वाटेल, पण मन खट्टू झालं. इतके दिवस द्यायचं म्हणून जे जपलं, ते राहू दे तुझ्याकडेच, असं कुणीतरी सांगितलं. मागणं मला येतं, देणं येतं. हे कसं घ्यायचं ते येत नाही. अशा वेळी असं वाटावं याची लाजही वाटते. तू हसशील.

आशीर्वादाशिवाय हातात काही न उरलेला,
दादा


माझी खोली, १५ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

हसले नाही. पत्र दोनदा वाचलं आणि मग अंडी उकडायला ठेवली.

मला घरी सोडलं. निघताना यंत्र असं दाबलं, की आहारताई म्हणाल्या, बाई, ते रुग्णालयाचं आहे. त्यांचा अभ्यास अजून बराच चालायचा आहे. पेल्याचा गुण किती आणि औषधाचा किती, हे सगळे रोगी मोजून झाल्याशिवाय त्या सांगणार नाहीत. मी मात्र झोपताना पेला घेते. पुढच्या महिन्यात शाळेत रुजू होईन. पोरांना वाटतं बाई गेल्या त्या गेल्या. त्यांची निराशा होणार आहे.

आता तुझं. मी भांडायला ठणठणीत तयार होते. नको म्हणणार होते, आणि तू ऐकलं नसतंस, तर शेवटी घे म्हटलं तसं घेतलंही असतं. हे मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. म्हणून सांगते, तू दिलंस आणि मी घेतलं. फक्त हलवलं नाही. तो अर्धा तुकडा माझा आहे, तुझ्या पोटात ठेवलाय. पुढे लागला तर मागून घेईन, संकोच करणार नाही. नाही लागला तर आयुष्यभर तिथेच राहील आणि मी आयुष्यभर त्याची चौकशी करीन. वहिनीला तसं कळवलं आहे. चोरून तळलेलं खाल्लंस तर ते माझ्या लिव्हरला चारलंस असं समजेन आणि उपास केलास तर मला उपाशी ठेवलंस असं.

सकाळी चालून ये, वेळेवर जेव, आणि दोन घास माझ्या वाट्याचे आहेत हे लक्षात ठेवून जेव.

तुझ्याकडे राहायला आलेली,
बेबी