चिखल्यात आलो ते जुईसाठी

चिखले, ता. डहाणू

प्रिय आई, तुला निधीचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. आम्ही बरे आहोत. मुंबईच्या धुळीने जुईला लागणारी धाप इथे आल्यापासून खूपच कमी झालीय. ओंकार रोज मुंबईला कामाला जातो आणि अंधार पडल्यावर परततो.

परवा दुपारी मात्र तिला पुन्हा धाप लागली. पंप दिला, तरी कमी होईना. एकही रिक्षा दिसेना, म्हणून तिला उचलून मी रस्त्यावर धावले. शेजारच्या वाडीतल्या हिरकणीकाकी टेम्पोत चिकू भरत होत्या. भरलेले क्रेट तिथेच उतरवून त्या म्हणाल्या, "बस पोरी, दार लाव." त्यांनीच डहाणूपर्यंत टेम्पो चालवला. दवाखान्यात वाफ दिल्यावर जुईला बरं वाटलं. आता ती अंगणात खेळतेय, काळजी करू नकोस.

ओंकारने विचारलं, "परत मुंबईला जायचं का?" मी ठामपणे नाही म्हणाले. पण तो कामावर गेला की दिवसभर मी तिचा श्वासच ऐकत बसते.

तुझे गुडघे कसे आहेत? सांगलीहून इथवरचा प्रवास झेपेल का गं? थोडे दिवस माझ्याजवळ येऊन राहा ना.

तुझीच,
निधी