अलिबागेचा नेपरव्हिलवरील अधिकार

नेपरव्हिल (अमेरिका), जानेवारीअखेर

चि. सौ. वसुधास अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम, फक्त गारठलेली. या पत्रात मी एवढेच सिद्ध करणार आहे की, नेपरव्हिलच्या माझ्या सूनबाईविरुद्धचा खटला अलिबागेत बसून चालवण्याचा अधिकार तुला आहे.

गेल्या रविवारी मी सोडे परतत असता छतावरचा धुराचा भोंगा वाजला. (सोडे जळले नव्हते. भोंग्याला खमंग आणि करपलेले यांतला भेद कळत नाही.) वीणाने तत्काळ आदेश काढला, "बाबा, यापुढे सुकी मासळी गॅरेजमध्ये." तेव्हापासून मी दोन मोटारींच्या मध्ये, कानटोपी घालून, विजेच्या शेगडीवर रांधतो. तेल तापेपर्यंत चिरलेला कांदा गोठतो.

आयुष्यभर कायदा शिकवल्यामुळे मी रागावलो नाही. मानवी हक्कांचे कोणतेही आंतरराष्ट्रीय न्यायालय तक्रार खरी की खोटी हे नंतर पाहते. ती ऐकण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हे आधी ठरवते. (आणि तेही स्वतःच ठरवते, हे तुझ्या स्वभावाला मानवेल.) त्यापूर्वी तक्रारदाराने घरचे उपाय संपवलेले असावे लागतात. माझे संपले. गिरीशकडे दाद मागितली, तर चिरंजीव "बाबा, मला मीटिंग आहे" म्हणत तळघरात उतरले. नात सिया कायदाच शिकते, ती म्हणाली, "आजोबा, सॉरी, यू हॅव नो केस. आणि तुमच्या जॅकेटला स्मेल येतोय." घटना वीणाच्या ताब्यातील जागेत घडली, याबद्दल वाद नाही, ते स्वयंपाकघर कोणाचे, हे गिरीशलाही ठाऊक आहे. उबेत रांधणे हा मूलभूत हक्क आहे, हे मी गृहीत धरतो.

उरली संमती. ज्याने न्यायालयाचा अधिकार मानलाच नाही, त्याला तिथे खेचता येत नाही. (खुद्द अमेरिकेने आपल्या खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाला असा अधिकार दिलेला नाही, हे सियाने मला फार आनंदाने सांगितले.) वीणाने मात्र तुझा अधिकार मानला आहे! दिवाळीत चकल्या तेलात विरघळल्या, तेव्हा ती सर्वांसमक्ष म्हणाली, "मी आता प्रत्येक गोष्ट आत्यांना विचारूनच करणार." ना अट, ना मुदत. इतका निःसंदिग्ध स्वीकार मोठमोठी राष्ट्रे करत नाहीत. शिवाय स्वीकार दिवाळीचा, आदेश जानेवारीचा. म्हणजे काळाचा आक्षेपही टिकत नाही.

सबब तुझा अधिकार सिद्ध झाला. आता फोन करून माझी शेगडी आत घ्यायला लाव.

तुझा दादा,
एकनाथ

ता. क. निकाल काहीही लागो, इकडे येणाऱ्या कोणाबरोबर अर्धा किलो सोडे पाठव. साठा संपत आला आहे. ही ओळ गोपनीय.

ता. क. (दुसरा) प्रतिपक्षास नोटीस द्यावी म्हणून, गोपनीय ओळ वगळून, हे पत्र मी वीणाला वाचून दाखवले. ती प्रत्येक मुद्द्याला मान डोलावत होती. शेवटी म्हणाली, "अगदी बरोबर, बाबा. म्हणून तर भोंगा वाजल्यावर मी आधी आत्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, दादाला गॅरेजमध्ये बसव, इथे मी त्याला पडवीतच बसवायचे."

वसुधा, तुझा अधिकार सिद्ध करताना, आदेश मुळात कोणाचा, एवढेच तपासायचे माझ्याकडून राहिले. ही चूक मला मान्य आहे.

(सही) एकनाथ
मुक्काम गॅरेज